“दुखत नाहीं, गुरुजी!”

गेल्या दिवाळींत आमच्या अंगणांत मुलें बॅडमिंटन खेळत असतां माझ्या नातवाच्या डोळ्यावर फूल बसलें. घटकाभरांत डोळ्याचें पाणी थांबलें, दुखणेंहि राहिलें. वहिनींनीं दुधाच्या घड्या ठेवल्या आणि ‘एवढ्याशा फुलानें काय व्हावयाचें!’ म्हणून प्रकरण मिटविलें. मीं मात्र तत्काळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा हट्ट धरला. म्हातारपणीं माणूस भित्रा होतो, असें सर्वांस वाटलें असेल.

मोठ्या चेंडूचा मार बहुतेक खोबणीच्या हाडांवर अडतो. फुलाचें बूच अवघें २५ ते २८ मिलिमीटर व्यासाचें. तें थेट नेत्रगोलावर आदळतें. गोल पुढून दबतो तसा कडेनें फुगतो. आंतील पारदर्शक गर त्या ताणासरशी दृष्टिपटलास हिसका देतो आणि पटल कडेला फाटूं शकतें. या पटलास वेदना ठाऊकच नाहीं! फाटींतून पाणी शिरून तें सुटावयास कधीं आठवडे, कधीं महिने लागतात. मुलांच्या डोळ्यांतील गर घट्ट असल्यानें तर हें फारच सावकाश चालतें. बाहेरून डोळा निर्मळ.

डॉक्टरांनीं थेंब घालून बाहुली मोठी केली व आंत पाहिलें. पटलाचा एक भाग पांढुरका दिसला. बर्लिन नांवाच्या जर्मन डॉक्टरानें १८७३ सालीं वर्णिलेली ही सूज बहुधा कांहीं आठवड्यांत ओसरते, तशी ती ओसरली. कडा शाबूत होत्या. तरीहि पुन्हां दाखवावयाचें, आणि मध्यंतरीं वीज चमकल्यासारखें वा काळे ठिपके तरंगतांना दिसल्यास लागलेंच यावयाचें, असें त्यांनीं बजाविलें. “आतां पुन्हां कशाला?” असें सूनबाईंनीं विचारलें, तेव्हां आजवर घरांत कोणास न सांगितलेली गोष्ट मला सांगावी लागली.

१९८८ सालीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या डाव्या डोळ्यास रबरी चेंडू लागला. “दुखत नाहीं, गुरुजी,” तो म्हणाला. मीं ओला रुमाल देऊन त्यास जागेवर बसविलें. आईबापांस कळविलेंहि नाहीं. चार महिन्यांनीं तो सांगूं लागला कीं, उजवा डोळा झांकला म्हणजे फळ्यावर एका बाजूनें काळा पडदा येतो. अभ्यास टाळण्याची ही नवी सबब, असें समजून मीं त्यास बांकावर उभें केलें. पुढें शस्त्रक्रियेनें पटल चिकटलें. पण तें मध्यापर्यंत सुटलेलें असल्यानें नजर परत आली नाहीं ती नाहींच.

तो आतां पन्नाशीचा आहे. दर दसऱ्यास सोनें द्यावयास येतो. त्या बांकाचा विषय त्यानें कधीं काढला नाहीं, मींहि नाहीं. तो आला म्हणजे मी त्याच्या उजव्या हातास बसतों.