दिसता? दिसना!

आमच्या लहानपणी रविवारी सकाळी गावातल्या कुठल्याही घरासमोरून गेलं की दोनच शब्द कानावर पडायचे. कौलांवरून एकजण ओरडायचा, "दिसता?" आणि आतून सगळी पोरंटोरं एका सुरात ओरडायची, "दिसना!" आम्ही घरात कोकणी बोलतो, लिहितो-वाचतो मराठीत, आणि टीव्हीवर त्या काळी बघायचो ते बहुतेक हिंदी. पण अँटेना फिरवायची भाषा मात्र सगळ्या गावाची एकच. त्यात वाद नव्हता!

आमचं घर सत्तरीत. मागे डोंगर, पुढे कुळागर, आणि पणजीच्या दिशेला पुन्हा एक डोंगर. टीव्ही आला तो १९८७ साली, 'रामायण' सुरू झाल्यावर. चौदा इंची, कृष्णधवल. दुकानदारानं सोबत ॲल्युमिनियमची अँटेना दिली. बाबा तिला 'बांगड्याचो कांटो' म्हणायचे, आणि ती दिसायचीही तशीच. बाबांनी वाळलेल्या पोफळीचा उंच वासा उभा केला, त्याच्या टोकाला तो काटा बांधला आणि चपटी वायर कौलांमधून आत सोडली. त्या दिवसापासून अँटेना हे बाबांचं खातं झालं. टीव्हीची बटणं कुणीही फिरवावीत, वाशाला हात लावायचा तो बाबांनीच.

या काट्याचं शास्त्र मला खूप नंतर कळलं. यागी आणि उदा या दोन जपानी संशोधकांनी १९२६च्या सुमारास ही रचना मांडली. मागची सर्वांत लांब काडी आरशासारखी लहरी पुढे परतवते, वायर जोडलेली काडी त्या लहरी पकडते, आणि पुढच्या आखूड होत जाणाऱ्या काड्या त्यांना वाट दाखवतात. म्हणून आखूड टोक प्रक्षेपकाकडे करायचं असतं. काडीची लांबी लहरीच्या साधारण निम्मी. दूरदर्शनचे बरेच प्रक्षेपक १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचे. तिथली लहर सव्वा ते पावणेदोन मीटरची, म्हणजे काडी पाऊण मीटरच्या आसपास. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण आखूड टोक कुठे करायचं हे त्यांनी पहिल्याच दिवशी वासा फिरवून शोधून काढलं होतं.

डोंगराळ भागातल्या वाचकांना दोन गोष्टी नक्की आठवत असतील. पहिली, मुंग्या. सिग्नल अशक्त झाला की पडदाभर पांढऱ्या-काळ्या मुंग्या धावायच्या आणि त्यातूनच राम-लक्ष्मण चालत यायचे. दुसरी गोष्ट म्हणजे सावली. एक लहर सरळ यायची आणि दुसरी डोंगरावर आपटून किंचित उशिरा पोचायची. लहर तीनशे मीटर लांबचा वळसा घेऊन आली तर तिला उशीर होतो तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका. पण तेवढ्या वेळात पडद्यावर चित्र काढणारा किरण बराच पुढे सरकलेला असतो, आणि मूळ माणसाच्या बाजूला त्याचंच फिकट भूत उभं राहतं. आमच्या घरी रावणाला वीस डोकी होती असं मी शाळेत सांगितलं होतं. गुरुजी हसले नाहीत, कारण त्यांच्याही घरी तसंच दिसत असणार.

बाबांचं या बाबतीत एक ठाम मत होतं. पडद्यावर काहीच दिसत नसलं तरी ते म्हणायचे, "सिग्नल आसता. आमकां सोदूंक कळना." सिग्नल असतोच, आपल्यालाच शोधता येत नाही. मग वासा इंच इंच फिरवायचा. आतून आम्ही, "इल्लें दावेकडेन! ना, ना, फाटीं!" पंधरा-वीस मिनिटांनी कुठेतरी चित्र लागायचंच. आम्ही एकदम ओरडायचो, "दिसता! दिसता!" आणि बाबा वरूनच हात जोडायचे, टीव्हीला की देवाला ते कळायचं नाही.

त्यांच्या या मताला बळ दिलं माझ्या मामानं. आईचं माहेर पेडण्यात, अगदी समुद्रावर. एप्रिल-मे महिन्यात आम्ही सुट्टीला जायचो तेव्हा मामा रात्री अँटेना मुद्दाम उत्तरेकडे फिरवून बसायचा. बहुतेक रात्री मुंग्याच. पण एखाद्या उकाड्याच्या रात्री त्या मुंग्यांतून कुणीतरी बाई मराठीत बोलताना दिसायची, दहा मिनिटं, कधी अर्धा तास, आणि मग विरून जायची. मामा म्हणायचा, मुंबई! ती मुंबईच होती की आणखी कुठलं केंद्र हे सांगायला आज काही पुरावा नाही. पण असं होऊ शकतं हे खरं. उन्हाळ्यात समुद्रालगतच्या दमट, थंड हवेवर जमिनीवरून आलेल्या गरम, कोरड्या हवेचा थर बसतो. या दोन थरांमध्ये लहरी नळीतून जाव्यात तशा शेकडो किलोमीटर वाहत जातात. एरवी त्या क्षितिजापलीकडे फारशा पोचत नाहीत. आम्हा पोरांना मात्र एवढंच कळलं की समुद्रावरून मराठी येते. बाबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "पळे, हांवें सांगलेलें न्हय?"

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नव्वदीत केबल आली, मग छपराछपरांवर डिश उगवल्या. २००४च्या डिसेंबरात दूरदर्शननं स्वतःची मोफत डिश सेवा सुरू केली, जिला आज आपण फ्री डिश म्हणतो. मी नोकरीनिमित्त पणजीजवळ बिऱ्हाड केलं, तिथे महिन्याचे पैसे भरून शे-दोनशे चॅनेल घेतले. गावच्या घरी मात्र बाबांनी अँटेना सोडली नाही. पोफळीच्या वाशाच्या जागी लोखंडी पाईप आला, चपट्या वायरीच्या जागी गोल केबल आली, टीव्ही रंगीत झाला. काटा तोच. "फुकट येता, कोणाक विचारूंक नाका," एवढंच त्यांचं म्हणणं. संध्याकाळच्या बातम्या, शेतीचा एखादा कार्यक्रम, संपला विषय. २०२०च्या टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा लागलं तेव्हा त्यांनी ते त्याच काट्यावर, त्याच मुंग्यांसकट पुन्हा पाहिलं.

दरम्यान जमिनीवरचं प्रक्षेपण डिजिटल होऊ लागलं होतं. फेब्रुवारी २०१६मध्ये दूरदर्शननं १६ शहरांत डीव्हीबी-टी-टू पद्धतीची सेवा जाहीर केली. त्यात मुंबई होती, औरंगाबाद होतं, इंदूरही होतं. पणजी नव्हती. माझी आतेबहीण इंदूरला असते. तिच्या मुलानं फोनला बोटाएवढं यंत्र लावून इंटरनेटशिवाय दूरदर्शन लावून दाखवलं, तेव्हा मी बघतच राहिलो. ना मुंग्या, ना सावली. या पद्धतीत चित्र हजारो बारीक वाहक लहरींत वाटून पाठवतात आणि प्रत्येक तुकड्यामागे थोडी मोकळी जागा ठेवतात. उशिरा आलेली लहर त्या मोकळ्या जागेत जिरून जाते. म्हणजे आमच्या डोंगरानं आयुष्यभर जो त्रास दिला तो या पद्धतीत त्रासच राहत नाही! मी ते बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "आनी सिग्नल उणो जालो जाल्यार?" सिग्नल कमी झाला तर? मी सांगितलं, थोडा कमी झाला तर काही कळत नाही, पण एका मर्यादेखाली गेला की चित्राचे चौकोन होतात, ते गोठतं, आणि मग एकदम काळोख. मुंग्यांतून ओळखायची सोय नाही. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मध्ये कांयच ना."

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातंय.

२०२१ साली जाहीर झालं की जुने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्यानं बंद होणार, ऑक्टोबरअखेर काही, डिसेंबरअखेर काही, आणि उरलेले मार्च २०२२पर्यंत. मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक तेवढे राहणार. कारणं रास्त होती. पाहणारे फार थोडे उरले होते, यंत्रं जुनी झाली होती, विजेचा खर्च होता, आणि त्या लहरींचा पट्टा इतर कामांना हवा होता. ही बातमी मी कार्यालयात डबा खाताना वाचली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला वाचूनही दाखवली. 'बघा, एक युग संपलं,' असं काहीतरी बोललोसुद्धा. आणि पेपर घडी करून ठेवला. ही बातमी ज्यांच्यासाठी होती असा एक माणूस माझ्याच घरात आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काही महिन्यांनी आईचा फोन आला. "बाबांक सांग रे, ते सारके पाख्यार चडटात." बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मी पुढच्या शनिवारी गेलो. अंगणात पोचलो तर ते शिडीवर उभे, पाईप दोन्ही हातांनी धरलेला. आत टीव्ही पूर्ण आवाजात खरखरत होता. आई दाराशी उभी राहून थकलेल्या आवाजात सांगत होती, "दिसना." बारा दिवस ते रोज संध्याकाळी वर चढत होते. जोडण्या उघडून घासल्या होत्या, नवी केबल आणली होती, काटा चारी दिशांना फिरवून झाला होता. त्यांना वाटत होतं त्यांचाच हात आता पूर्वीसारखा राहिला नाही.

मी त्यांना खाली उतरवलं आणि सांगितलं, बाबा, सिग्नलच नाही. बंद केलाय. सगळीकडेच. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग विचारलं, "तुका खबर आशिल्लें?" मी हो म्हटलं. "तूं सरकारांत आसा न्हय?" एवढंच बोलले. रागानं नाही. मला वाटतं, राग आला असता तर बरं झालं असतं.

आम्ही कारकून माणसं. 'सदर सेवा अमुक तारखेपासून बंद करण्यात येत आहे' हे वाक्य मी स्वतः कितीदा टंकलंय. वाक्य चुकीचं नसतं, निर्णयही बहुधा चुकीचा नसतो. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी शिडीवर उभा असू शकतो, हे त्या दिवसापर्यंत मला दिसलं नव्हतं. आणि इथे तर फाईल नव्हतीच. एक फोन करायचा होता.

दुसऱ्या आठवड्यात फ्री डिश बसवली. एकदाच पैसे, नंतर महिन्याला काही नाही. २०१९पासून गोव्याचं दूरदर्शनही त्यावर येतं. चित्र लख्ख. बसवणाऱ्या मुलानं फोनवर बघून तबकडी उपग्रहाकडे लावली, नट आवळले आणि सांगितलं, याला आता हात लावायचा नाही. बाबांनी बातम्या पाहिल्या, मान डोलावली. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाले, "आतां घुंवडावपाक कांय ना?"

आता फिरवायला काही नाही, बाबा.

पाईप अजून तिथेच आहे, काटाही. त्यावर संध्याकाळी कावळे बसतात. काढून टाकूया का असं मी दोनदा विचारलं, त्यांनी उत्तर दिलं नाही. मी आता तिसऱ्यांदा विचारत नाही. त्याऐवजी रोज रात्री बातम्यांनंतर फोन करतो, आणि पलीकडून आवाज येण्याआधीच विचारतो, "दिसता?"