कामांची वांटणी

एखादें मोठें कार्य सिद्धीस गेलें म्हणजे त्याच्या नायकाचें नांव सर्वतोमुखीं होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु शाळेच्या स्नेहसंमेलनाची व्यवस्था माझ्याकडे आल्यापासून मला दुसरेंच एक कुतूहल लागून राहिलें आहे. त्या कार्यांत सर्वांत रेंगाळणारें काम कोणतें होतें, व त्यापाशीं कोण उभें होतें?

पवित्र शास्त्रांतील नहेम्याचें पुस्तक आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों; त्याचा तिसरा अध्याय मात्र वाचणारा सहसा गाळतो, कारण त्यांत नांवांवांचून फारसें कांहीं नाहीं. मला तोच अध्याय मोलाचा वाटतो. पारसाच्या बादशहाचा हा प्यालेबरदार यरुशलेमास आला, आणि पडलेला तट ५२ दिवसांत उभा झाला. कोणी कोणता दरवाजा बांधला, कोणी कोठपासून कोठपर्यंतचा भाग उचलला, याची तेथें नोंद आहे. कित्येकांना स्वतःच्या घरासमोरचाच भाग दिलेला. मग तेथें कुचराई कोण करील? सोनार आहेत, सुगंधी द्रव्यें करणारे आहेत, शल्लूम व त्याच्या मुली आहेत. तकोई लोक राबले, परंतु त्यांच्या सरदारांनीं कामास मान वांकविली नाहीं, हेंही लिहून ठेविलें आहे.

तीच रीत आपल्या काळांत कोंकण रेल्वेच्या बांधकामांत दिसते. १९९० सालीं तिचें महामंडळ स्थापन झालें व श्री. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारें ७४० किलोमीटरांचा मार्ग सात विभागांत वांटून प्रत्येक विभाग एकेका मुख्य अभियंत्याच्या स्वाधीन करण्यांत आला. ९० हून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून सुमारें २००० पूल, आणि मुदत अवघी पांच वर्षांची!

रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा. कोणासही वाटावें कीं सर्व मार्ग अडला तर येथेंच अडेल. परंतु कातळ कठीण असला तरी भरंवशाचा असतो. सुरुंग लावला कीं फुटतो, आणि वरचें छत बहुधा जागच्या जागीं राहतें. खरा हट्ट धरला तो गोव्यांतील पेडण्याच्या बोगद्यानें, ज्याची लांबी दीड किलोमीटरच्या आसपास. तेथें कातळ नव्हता, पाण्यानें भिजलेली मऊ माती होती. पुढें खणावें आणि वरचें ढांसळावें, असें कित्येक वर्षें चाललें. सलग मार्ग अखेर २६ जानेवारी १९९८ रोजीं खुला झाला. म्हणजे मुदतीवर दोन वर्षांहून अधिक काळ गेला. गोव्यांत मार्गाच्या आंखणीस झालेला लोकविरोध हेंही या विलंबाचें एक कारण होतें. मात्र ज्यांच्या शेतांत खुंट्या ठोकावयाच्या, त्यांचें म्हणणें आधीं ऐकून घेणें हा कामाचाच भाग आहे, त्यास अडथळा म्हणूं नये, असें माझें मत आहे.

हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्यानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रचारांत आणलेल्या तक्त्यावरून निघालेले तक्ते आतां सर्वत्र वापरतात. वर आठवडे लिहावेत, डाव्या बाजूस कामें, आणि प्रत्येक कामापुढें त्याच्या अवधीएवढी पट्टी ओढावी. पण कोणतें काम कोणत्या कामासाठीं खोळंबलें आहे, हें नुसत्या पट्ट्यांवरून कळत नाहीं. तें शोधण्याची रीत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या कंपनीच्या कामांतून पुढें आली. तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. एक झाल्यावांचून दुसरें करतांच येत नाहीं, अशा कामांची सर्वांत लांब सांखळी तींत हुडकून काढावयाची. त्या सांखळींत एक दिवस वायां गेला तर सारें कार्यच एक दिवस लांबतें. इतरत्र चार दिवस गेले तरी कित्येकदां कोणास पत्ताही लागत नाहीं.

आमच्या नाताळच्या नाटकांत ही सांखळी तालमींची असेल, अशी सर्वांची समजूत होती. तक्ता मांडून पाहिला तों ती निघाली पोशाखांची. पात्रें ठरल्यावांचून मापें नाहींत, मापांवांचून कापडाची खरेदी नाहीं, आणि मार्गशीर्षांतील लग्नसराईमुळें शिंप्यास उसंत नाहीं. म्हणून वर्गांतील सर्वांत चिकाटीचा व गोड बोलणारा मुलगा मीं हेरोद राजाच्या भूमिकेंतून काढून शिंप्याच्या कामावर नेमला.

दुसऱ्याच दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. "सर, माझ्या मुलानें राजा व्हायचें सोडून शिंप्याच्या दारांत उभें राहायचें काय?" त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या घराण्यांत शाळेची पायरी चढलेला हा पहिलाच मुलगा. दुसऱ्यांच्या दारांत ताटकळणें पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वांट्यास आलेलें. मीं त्यांस तक्ता दाखविला. पोशाख एक दिवस उशिरा आले तर पडदाच उघडत नाहीं, हें सांगितलें. त्यांनीं तो लक्षपूर्वक पाहिला. ते स्वतः गवंडीकाम करतात, त्यामुळें एका थरावर दुसरा थर केव्हां चढतो हें त्यांस शिकवावें लागलें नाहीं. मग त्यांनीं विचारलें, "काम एवढें मोठें आहे, तर पत्रिकेंत नांव हेरोदाचें कां छापतां? माझ्या मुलाचें कां नाहीं?"

याचें उत्तर तक्त्यांत नव्हतें. कोंकण रेल्वे बांधतांना जे प्राणास मुकले त्यांचें स्मारक रत्नागिरीस आहे, आणि तें असावयासच हवें. परंतु नहेम्यानें हातांत थापी धरणारांचीं नांवें ते जिवंत असतांनाच लिहून काढलीं.

मुलगा शिंप्याकडे गेला. चौदा खेपा झाल्या, आणि पोशाख दोन दिवस आधीं आले. यंदाच्या पत्रिकेचें प्रूफ आतां माझ्यासमोर आहे. नटांच्या नांवांखालीं पोशाख, दिवे, खुर्च्या आणि पिण्याचें पाणी पाहणाऱ्या मुलांचीं नांवें आहेत. जागा पुरत नाहीं म्हणून छापखान्यानें पाण्याची ओळ गाळली होती. ती पुन्हां जुळवावयास सांगून प्रूफ परत पाठवीत आहें.