गळण्यासाठीची जागा

पार्किंगच्या फरशीवर हिरवा डाग पहिल्यांदा दिसला, तेव्हा वाटलं एसीचं पाणी असेल. पण एसीच्या पाण्याला रंग नसतो. हे बोटाला बुळबुळीत लागत होतं, वास गोडसर होता. कूलंट. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि कुत्र्यामांजरांना जीवघेणं, म्हणून आधी फरशी धुतली. मग उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना फोन केला. कोल्हापुरात जुनी गाडी बिघडली की रस्ता तिकडेच जातो.

गाडी बाबांची. मी दहावीत असल्यापासून घरात आहे. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली, तेव्हापासून मी चालवते. शुगरमुळे डोळ्याचा पडदा खराब झाला होता. कित्येक महिने धूसर दिसत होतं, पण घरात बोलले नाहीत. 'चष्म्याचा नंबर वाढलाय' एवढंच म्हणायचे. चावी देताना त्यांनी एकच सांगितलं, "पाणी बघून गाडी काढत जा." डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या कायम असायच्या. कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

रविवारी सकाळी इंजिन गार असताना काम सुरू झालं. गरम इंजिनात कूलंट दाबाखाली असतं, तेव्हा झाकण उघडलं तर तोंडावर उसळतं. मामांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, खाली घमेलं ठेवून रेडिएटर रिकामा केला. घमेल्यात हिरवं कमी आणि तांबूस पाणीच जास्त. बेल्ट सैल करून काढला, मग पुली. आता दिसली 'वॉटर बॉडी', म्हणजे वॉटर पंपाचं हाउसिंग.

त्याचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. मामांनी पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढायला लावला आणि निघेल तो बोल्ट त्या त्या जागी खोचायला सांगितला. शेवटचा बोल्ट गंजून बसला होता. मी पान्याला जोर लावणार, तेवढ्यात मामा ओरडले, "ताकद लावू नगंस! डोकं तुटलं तर दिवस जाईल." तेल सोडलं, चहा प्यायलो, हलकेच ठोकलं, थोडा पुढे, थोडा मागे. अर्ध्या तासानं तो निघाला. हाउसिंग सुटलं तसं उरलेलं पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं.

मामांनी पंप उलटा केला आणि थांबले. "हे कुणी बुजवलं?"

शाफ्टच्या खालच्या बाजूला करडी एम-सील होती, अंगठ्यानं दाबून बसवलेली. आमच्या बाथरूमच्या नळाला अगदी तशीच आहे.

"हे होल कंपनीनं मुद्दाम ठेवल्यालं असतंय," मामा म्हणाले. पंपात एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बेअरिंग, मध्ये सील. सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे सरकतं. ते तिथं पोचण्याआधी या होलातून बाहेर पडावं आणि मालकाला कळावं, एवढंच त्याचं काम. ते बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. आमचा शाफ्ट हातानं डुगडुगत होता. "पंप जाम झाला असता तर इंजिन तापून हेड वाकलं असतं."

जुनं गॅस्केट ब्लेडनं खरवडलं, नवा पंप बसवला, बोल्ट आलटून पालटून आवळले. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं, हीटर चालू ठेवून आतली हवा काढली. काटा मध्यावर येऊन थांबला.

घरी जुना पंप बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला. एम-सीलवर बोट थांबलं.

"माहीत होतं मला, बुजवायचं नसतंय ते. तुझ्या फीचा महिना होता. म्हटलं, एक महिना निघू दे."

"आणि नंतरची तीन वर्षं?"

"नंतर गळायचं थांबलं."

"थांबलं नव्हतं, बाबा. दिसायचं थांबलं होतं. आणि त्याच गाडीतून आपण सगळे पंढरपूरला जाऊन आलो."

ते काहीच बोलले नाहीत. मीही आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली अंथरलेला पेपर कोरडा होता. सांगायला वर आले, तर बाबा चहा घेत होते. कप खाली ठेवत म्हणाले, "डाव्या डोळ्यापुढं काळे ठिपके तरंगतायत. चार दिवस झाले."

मी ऑफिसला रजा कळवली आणि गाडीची चावी घेतली.