पहिल्या इन्क्लूडच्या आधी

चि. मैथिलीस,


तुझा प्रोग्राम वाचला. साध्या जीसीसीने चालतो, पण ‘-एसटीडी=सी९९’ लावलं की स्ट्रडपनंतर कोसळतो, असं तू लिहिलंस. स्ट्रडप सी९९च्या मानकात नाहीच, ते पॉझिक्स या दुसऱ्या मानकाचं. एरवी लिनक्सवरची सी लायब्ररी जीलिबसी पॉझिक्स २००८ धरूनच चालतं. तू मात्र निखळ सी९९ मागितलंस, म्हणून स्ट्रिंग.एचने ते डिक्लरेशन झाकलं. मग कंपायलरने फंक्शन इंट परत करतं असं मानलं आणि ६४ बिटांचा पॉइंटर ३२ बिटांत कापला गेला. त्याने वॉर्निंग दिली असणार, ती तू वाचली नाहीस. २०२४ साली आलेल्या जीसीसी १४पासून हीच गोष्ट एरर ठरते. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

उपाय एका ओळीचा: ‘#डिफाइन _पॉझिक्स_सी_सोर्स २००८०९एल’. पण ती पहिल्या इन्क्लूडच्या आधी हवी. जीलिबसीचं कुठलंही हेडर घेतलंस की ते फीचर्स.एच ओढून आणतं, आणि काय दाखवायचं, काय झाकायचं ते तिथे एकदाच ठरतं. त्यानंतरचं डिफाइन वाया जातं. मी तर हा मॅक्रो मेकफाइलमध्येच देतो, म्हणजे सगळ्या फाइलींना एकच नियम लागतो.

पुष्कळ जण सरसकट _जीएनयू_सोर्स लिहून मोकळे होतात. तू तसं करू नकोस. हा मॅक्रो जास्तीची फंक्शनं दाखवतोच, पण काहींचं वागणंही बदलतो. एररचा संदेश देणारं स्ट्रएरर_आर बघ. पॉझिक्सचं रूप संदेश तुझ्या बफरमध्ये लिहितं आणि काम झालं की शून्य परत करतं. जीएनयूचं रूप संदेशाचा पॉइंटरच परत करतं, बफरला कित्येकदा हातही लावत नाही. ‘शून्य आलं का?’ ही तुझी तपासणी पॉइंटरवरही चालते, कंपायलर हूं की चूं करत नाही. मग प्रत्येक वेळी प्रोग्रामला वाटतं, काम फसलं, आणि बफरमध्ये असतो कचरा. असा दोष शोधायला फार जड जातो.

मॅकवर जरा जपून. तिथे काहीच न लिहिता बहुतेक सगळं दिसतं. उलट _पॉझिक्स_सी_सोर्स लिहिलं की बीएसडीची खास फंक्शनं झाकली जातात. ती हवी असतील तर सोबत _डार्विन_सी_सोर्सही दे.

लिनक्सवर फंक्शनच्या मॅन पानात, सिनॉप्सिसच्या खाली, कोणता मॅक्रो लागतो ते लिहिलेलं असतं. नवं फंक्शन वापरण्याआधी तेवढ्या ओळी नक्की वाचत जा.

तुझा,
मामा