सफर ओकावँगोची, तयारी पाटोद्याची

आधी एक गंमत सांगते. टीव्हीवर सिंह-जिराफ दिसले की आपण म्हणतो, "एकदा सफारीला जायला हवं!" हा 'सफारी' शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. स्वाहिलीत तो आला अरबीतून. आणि अरबीतला तोच 'सफर' फारसीचं बोट धरून आपल्या मराठीतही येऊन बसला. म्हणजे बीडच्या स्टँडवरून एस.टी.त बसून तुम्ही पाटोद्याला निघालात, तरी ती सफारीच की!

तरीपण आपण आधी खऱ्या आफ्रिकेचाच बेत आखू. बेत आखायला कुठे पैसे पडतात? नकाशा उघडा आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात बोट्सवाना हा देश शोधा. तिथं ओकावँगो नावाची नदी आहे. ती उगम पावते अँगोलाच्या डोंगराळ मुलखात, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते आणि बोट्सवानात येऊन कलहारीच्या वाळूत हाताच्या पंजासारखी पसरते. तिथंच जिरते. समुद्र तिला कधी दिसतच नाही! या पसरलेल्या पाण्यात हत्ती, पाणघोडे, मगरी, रानम्हशी आणि पक्षी तर किती! २०१४ साली हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, यादीतलं १००० वं ठिकाण म्हणून. जायचं तर विमानं बदलत माऊन या गावी उतरायचं, तिथून चिमुकल्या विमानानं आत, आणि मग 'मोकोरो' नावाच्या अरुंद होडीत बसायचं. होडीवाला मागे उभा राहून लांब काठीनं ती ढकलत नेतो.

पण कधी जायचं? तुम्ही म्हणाल, पावसाळ्यात. अंहं! अँगोलात पडलेला पाऊस सपाट मुलखातून रमत-गमत येतो. त्याला खाली पोचायला महिनेच्या महिने लागतात. जून ते ऑगस्टमध्ये तिथलं आभाळ कोरडं ठणठणीत असतं आणि नेमका तेव्हाच पूर चढतो. पाऊस नाही, ढग नाही, आणि पाणी हजर!

माजलगावच्या दोस्तांना मात्र याचं फारसं नवल वाटणार नाही. त्यांच्याही धरणात असं परगावचं पाणी येतं. पाऊस पडतो नाशिकच्या घाटात, गोदावरी तो पैठणच्या नाथसागरात आणून टाकते आणि जायकवाडीच्या उजव्या कालव्यातून ते पाणी माजलगावच्या धरणापर्यंत पोचतं. म्हणून इथले शेतकरी आपल्या आभाळाकडे बघतात, तितक्याच काळजीनं नाशिकच्या पावसाची बातमीही ऐकतात.

आता आपली खरी सफर. बीडहून मांजरसुंब्यामार्गे पाटोद्याकडे निघालं की बालाघाटच्या उघड्या-बोडक्या टेकड्या सुरू होतात. इथंच नायगावचं मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते जाहीर झालं. जेमतेम ३० चौरस किलोमीटर. ओकावँगोपुढे रुमालाएवढंच म्हणा ना! दाट जंगलाची अपेक्षा ठेवून जाल तर हिरमोड होईल. इथं बोरी, बाभळी, सीताफळं आणि कुसळांचं गवत. पण मोराला हेच आवडतं. त्याला अंधारं रान नको, दाणे-किडे टिपायला मोकळी जागा हवी आणि रात्री झोपायला एखादं उंच झाड.

याच पाटोदा तालुक्यात मांजरा नदीचा उगम आहे. तिची गोष्ट मला ओकावँगोइतकीच विलक्षण वाटते. गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या उत्तर कडेनं, गेवराई-माजलगावच्या बाजूनं वाहते. मांजरेनं सरळ तिच्याकडे जावं की नाही? पण नाही! ती पूर्वेला, मग आग्नेयेला जाते. लातूर, कर्नाटकातलं बीदर, पुढे तेलंगण असा मोठा वळसा घेऊन, ७२४ किलोमीटर चालून ती कंदकुर्तीजवळ गोदावरीला भेटते. वाटेत संगारेड्डीजवळ तिच्या पाण्यात मगरी आहेत, त्यांच्यासाठी अभयारण्यही आहे. आपल्या टेकडीवर जन्मलेल्या नदीत मगरी, बोला!

पण हीच मांजरा रुसते तेव्हा काय होतं? केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे. ते आटलं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसांसाठी आगगाडी आली. मोरांसाठी कोण आणणार? रानात पाणवठे बांधलेले असतात, कडक उन्हाळ्यात त्यांत टँकरनं पाणी सोडावं लागतं. तहानेनं वेडी झालेली जनावरं मग वस्तीकडे येतात. कुणी कुत्र्यांच्या तावडीत सापडतं, कुणी कठडा नसलेल्या विहिरीत पडतं.

म्हणून आपल्या बेतातला सगळ्यात मोठा प्रश्न, कधी जायचं? जाणकार सांगतील, मे महिन्यात जा, पाणवठ्यावर हमखास प्राणी दिसतात. खरं आहे ते. पण विचार करा, ओकावँगोत मैलोन्‌मैल पाणी पसरलेलं. हत्तीला तुमचा त्रास वाटला तर तो दुसरीकडे जाऊन पिईल. इथं एकच हौद, आणि त्याच्याशेजारी आपण वीस जण डबे उघडून बसलो, तर लांडोर तशीच मागे फिरेल. माझं म्हणाल तर मी मेमध्ये जाणार नाही. पहिले दोन-तीन पाऊस झाले की जावं. तेव्हा मोर पिसारा फुलवून नाचतात आणि पाणीही जागोजागी असतं. हो, आणि पिसारा म्हणजे शेपूट नव्हे बरं का! शेपटीच्या वरची लांबलचक पिसं म्हणजे पिसारा. पावसाळा सरता सरता ती गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. अभयारण्यात पडलेलं पीस कितीही सुंदर असलं तरी तिथंच राहू द्यायचं.

सामान थोडंच. मातकट किंवा हिरवट कपडे, दुर्बीण मिळाली तर उत्तम, वही-पेन्सिल आणि माणशी दोन बाटल्या पाणी, घरून भरलेलं. आई-बाबांनी वनखात्याच्या कार्यालयात आधी चौकशी करून ठेवावी. उजाडायच्या आत पोचलात तर आधी मोर दिसणार नाही, ऐकू येईल.

आणि एक काम जरूर करा. शेजारच्या शेतातल्या काकांशी बोला. "मोर पेरलेलं उकरतात का हो?" असं विचारा. पेरणी दुबार करावी लागली तर काय वाटतं, तेही ऐका. पेरायच्या बियाण्याला कधी कधी कीडनाशक चोळलेलं असतं आणि ते खाऊन मोर दगावतो. तेव्हा हा प्रश्न त्यांचाही आहे नि मोराचाही. मिळालेली उत्तरं वहीत मोरांच्या आकड्याशेजारीच लिहा.

परतीची शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, ते मात्र सकाळी उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा!