साल्हेरला एक दिवस

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. दुसरा नंबर साल्हेरचा, १५६७ मीटर. राज्यातला सर्वांत उंच किल्लाही हाच. कळसूबाई आपल्याला लांब पडते. साल्हेर मात्र बागलाणात, साक्री-पिंपळनेरच्या पुढे, गुजरातच्या डांगला खेटून उभा आहे. तरी खानदेशातली आपली किती घरं तिथे गेली आहेत? आपल्या सहली अजिंठा, तोरणमाळ, फार तर माथेरान. गेल्या हिवाळ्यात आम्ही साल्हेर करून आलो. त्याची तयारी कशी केली, ते इथे सांगतो.

आम्ही नऊ जण होतो: आम्ही दोघं, मुलं, धाकटा भाऊ-भावजय, त्यांची मुलं आणि अम्मी. घरात पहिला प्रश्न आला तो "मुलींना डोंगरावर कशाला?" असा. प्रश्न विचारणाऱ्या खालाजान प्रेमानेच बोलल्या, पण उत्तर द्यायचं होतंच. आमची मुलगी नववीत आहे. शाळेच्या मैदानावर धावणं तिचं सातवीतच सुटलं. कुणी मनाई केली नव्हती, आपोआप सुटलं. ते परत सुरू व्हावं, हा या सहलीमागचा आमचा खरा हेतू. चढायचं ते सगळ्यांनी मिळून, असं ठरलं.

सराव मात्र हवा. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर, सपाट, पायाला चढाची सवयच नाही. म्हणून आधी दोन रविवार धुळ्याजवळचा लळिंग केला. मुंबई-आग्रा महामार्गालगतच आहे आणि फारुकी सुलतानांच्या काळापासूनचा. कोणाचे बूट चावतात, कोणाला दम लागतो, ते तिथेच कळलं. अम्मींचे गुडघे उतरताना दुखले. ब्लड प्रेशरच्या गोळ्याही चालू आहेत. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी पहिल्या टप्प्यापर्यंतच परवानगी दिली. अम्मी रुसल्या, पण ऐकलं.

उंचीची भीती बाळगू नये. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. इथे दर हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने धुळ्यापेक्षा आठ-नऊ अंश गारवा मिळतो, एवढंच. खरी अडचण पाण्याची, उन्हाची आणि डिसेंबरच्या छोट्या दिवसाची.

म्हणून वेळापत्रक नमाजांवरच बसवलं, आणि ते फार सोयीचं निघालं. रात्री धुळ्यात नातेवाइकांकडे मुक्काम. पहाटे साडेचारला निघून फज्र पिंपळनेरला. ताहराबाद, मुल्हेर मागे टाकत साडेआठच्या सुमारास वाघांबे गावातून चढायला सुरुवात. जुहर वरच्या पठारावर, असर पायथ्याशी, मग्रिब ताहराबादला. सूर्य सहाच्या आत मावळतो. त्यामुळे एक नियम आधीच सर्वांकडून कबूल करून घेतला: एक वाजता जिथे असू तिथून परत फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. कस्रचा मसला आपापल्या आलिमांना विचारून घ्यावा.

सामान थोडंच. माणशी तीन लिटर पाणी. कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत, खजूर, केळी, शेंगदाणे-गूळ. भावाला साखरेचा आजार आहे. चालताना साखर एकदम उतरू शकते, म्हणून खजूर त्याच्या खिशातच. बायका-मुलींनी पायघोळ बुरख्याऐवजी गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, सलवार, पिन लावलेला स्कार्फ आणि बूट असा वेष केला. कातळातल्या उंच पायऱ्यांवर पायात घोळ अडकणं धोक्याचं. अत्तर घरीच ठेवलं. कड्याकपारीत मधमाश्या असतात, उग्र वासाने त्या बिथरतात. गावातला वाटाड्या सोबत घेतलाच. फोनच्या रेंजवर विसंबू नये.

वाट साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत चढते. अम्मी आणि भावजय तिथपर्यंत आल्या, सावली बघून बसल्या. पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे. वर गंगासागर तलाव, रेणुकेचं देऊळ, गुहा. तलावाच्या पाण्याने वजू केला. पिण्यासाठी मात्र बरोबरचंच पाणी. त्याहून वर, शिखराच्या टोकावर परशुरामाचं छोटं मंदिर. तिथून मुल्हेर, मोरा, हरगड, मांगी-तुंगीचे सुळके आणि पश्चिमेला डांगचं जंगल दिसतं. जुहरच्या आधी पाऊण तास मुलगी वर पोहोचली होती, आमच्या पुढे.

वाटाड्याने फेब्रुवारी १६७२ ची लढाई रंगवून सांगितली. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगल फौजेचा इथे उघड्या मैदानात पराभव केला. भावाच्या मुलाने हळूच विचारलं, "मग आपण कोणाच्या बाजूला?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक मुलाला कधी ना कधी पडतो, आणि त्याला गप्प बसवणं बरं नव्हे. आम्ही त्याला नावं सांगितली. मोगलांकडून लढताना इथे राव अमरसिंह चंदावत पडला, तो राजपूत. त्याचा मुलगा मुहकमसिंह आणि इखलासखान दोघेही जखमी होऊन मराठ्यांच्या हाती लागले, पुढे सुटले. इकडे शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान. राज्यं लढली, धर्म नव्हेत. आणि किल्ला? तो आता सगळ्या जगाचा: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात साल्हेर आहे. मुलाने विचार केला आणि विचारलं, "मग इथे कचरा का?" प्लास्टिकच्या बाटल्या त्यानेच पिशवीत भरल्या.

उतरायला अडीच तास लागले. चढण्यापेक्षा उतरतानाच गुडघ्यांची परीक्षा होते, काठी तेव्हाच खरी उपयोगी. खिंडीत अम्मींनी दस्तरखान मांडून ठेवला होता आणि एका गुराखी बाईशी त्यांची चांगलीच गट्टी जमली होती. तिच्याकडून त्यांनी नागलीच्या भाकरीची कृती लिहून घेतली.

पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, उन्हाळ्यात कातळ तापतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस धरावेत, आणि जुम्मा टाळून रविवार.