योगायोग म्हणजे केवळ अज्ञान नव्हे

गणित शिकवण्याच्या वर्षांत माझे एक मत फार पक्के होते. संभाव्यता म्हणजे आपल्या अज्ञानाचे मोजमाप, असे मी मानत असे. नाणे उडवले की छापा पडणार की काटा, हे बोटाचा जोर, हवेचा विरोध आणि जमिनीपर्यंतचे अंतर यांनी ठरलेलेच असते. आपल्याला ते मोजता येत नाही, म्हणून आपण ‘एक द्वितीयांश’ म्हणतो. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी दोनशे वर्षांपूर्वी हा विचार मांडला, आणि माझ्या बुद्धीला तो पूर्ण पटला होता. माहिती वाढत जाईल तशी शक्यतेची भाषा मागे सरेल, अशी माझी धारणा होती.

आज ते मत तसे उरलेले नाही. ते बदलायला कारणीभूत झालेले बरेचसे काम पुण्यात आणि पुण्याच्या आसपास झाले आहे, म्हणून ते इथल्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

सुरुवात दामोदर धर्मानंद कोसंबींपासून झाली. इतिहासकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण १९३०च्या दशकात ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते आणि त्याच काळात प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांकडे वळले. चांदीच्या या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना सन. मग आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते? कोसंबींनी तराजू हाती घेतला. चलनातले नाणे हातोहात झिजते. एखादे नाणे किती झिजेल ते सांगता येत नाही. कुणी ते मडक्यात पुरून ठेवले असेल, कुणी रोज बाजारात नेले असेल. पण टांकसाळीतून एका वेळी निघालेल्या नाण्यांचा मोठा गट घेतला, की त्यांचे सरासरी वजन काळाबरोबर नियमाने घटते आणि वजनांमधली तफावत वाढत जाते. त्यांनी आपल्या काळातली हजारो चालू नाणी तोलून हे पडताळले. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यात त्यांना दिसले की नाण्याच्या मागच्या बाजूला छोटे छाप जितके जास्त, तितके सरासरी वजन कमी. ज्या नाण्यांवर नाव नाही की तारीख नाही, त्यांची कालक्रमाने रांग लागली.

हे समजून घेताना माझ्या जुन्या मताला तडा गेला. या कालक्रमाचे ज्ञान झिजेच्या यादृच्छिकतेतूनच आले होते. हजारो हातांनी एकमेकांशी काही न ठरवता ती नाणी हाताळली, म्हणून सरासरी भरवशाची राहिली. एखाद्या सराफाने निवडक नाणी कानशीने घासली असती, तर वजनावरून काळ वाचताच आला नसता. ज्याला मी ज्ञानातली उणीव म्हणत होतो, तेच इथे ज्ञानाचे साधन होते.

१९४४ साली कोसंबींचा जनुकशास्त्रावरचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल कुठे होईल हे आधी सांगता येत नाही. जनुकांमधले अंतर काढण्याच्या, जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या १९१९च्या सूत्रात या अदलाबदली एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या होत्या. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी शेजारी दुसरी होणे अवघड जाते. कोसंबींच्या सूत्राने हा अडथळा हिशेबात घेतला. जनुकीय नकाशावर ३० सेंटिमॉर्गन (या अंतराचे एकक) दूर असलेल्या दोन जनुकांची फारकत होण्याचे प्रमाण हॉल्डेन यांच्या सूत्राने सुमारे २२.६ टक्के येते, कोसंबींच्या सूत्राने २६.९ टक्के. पिकांचे जनुकीय नकाशे करणारे आजही त्यांचे सूत्र वापरतात. यातून मला उमगले ते असे की योगायोगालाही अंगची ठेवण असते, आणि प्रत्येक विषयात ती निराळी असते.

नारळीकरांच्या चाचणीने आणखी एक बाजू दाखवली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातल्या मुलाची, एवढेच सांगायचे होते. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४ बरोबर, असा होता. २०० पत्रिका तपासणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली.

४० पैकी २४ म्हणजे ६० टक्के. ऐकायला बरे वाटते. पण डोळे मिटून नाणे उडवत उत्तरे लिहिली, तरी २४ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची संभाव्यता १३ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे असे नाणे उडवणारे २७ जण बसवले, तर त्यांतल्या सरासरी तिघा-चौघांना इतके यश मिळणे अपेक्षितच आहे. या चाचणीत योगायोग ही मोजपट्टी होती. दावा करणाऱ्याने किमान तिच्यापुढे जाऊन दाखवायचे होते. आणि अशी मोजपट्टी आयती मिळत नाही, कष्टाने घडवावी लागते. मनाने निवडलेल्या किंवा नीट न मिसळलेल्या पत्रिकांवर ही चाचणी उभीच राहिली नसती. कोसंबींनी १९५८ साली एका सहकाऱ्यासह पत्ते पिसण्यावर निबंध लिहिला, त्याचा विषय हाच होता: हाताने पिसल्याने पत्ते खरोखर किती मिसळतात?

माझे जुने मत खऱ्या अर्थाने संपले ते इनामगावमुळे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८पासून अनेक वर्षे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिचा काळ ठरवायला जळक्या अवशेषांतल्या कार्बन-१४चा आधार होता. या कार्बनचे अर्धे अणू ५,७३० वर्षांत विघटित होतात. पण अमुक एक अणू केव्हा फुटेल? पुंजभौतिकीचे रूढ उत्तर असे की ते सांगणारी माहिती अणूच्या आत कुठे दडलेली नाहीच. विश्वातले सर्व काही जाणणारा जो सर्वज्ञ लाप्लास यांनी कल्पिला होता, त्यालाही ते कळणार नाही. प्रत्येक कार्बन-तारखेपुढे लिहिलेल्या ‘अधिक-उणे इतकी वर्षे’ या आकड्यात त्या मूलभूत अनिश्चिततेचा वाटा असतो. तरीही याच अणूंच्या भरवशावर आपण इथल्या घरांचे वय सांगतो.

जुन्या मतातला एक भाग मी अजून जपून ठेवला आहे. हवामान खाते मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज पुण्यात तयार करते. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे ‘सामान्य’. अंदाजात प्रत्येक वर्गाची संभाव्यता दिलेली असते. यंदाचा पावसाळा एकदाच येणार, तो पुन्हा पुन्हा खेळून बघता येत नाही. तिथला आकडा आपल्या हातातल्या पुराव्याचे वजन सांगतो, आणि पुरावा वाढला की तो बदलतो. तो खरा की खोटा हे एका वर्षावरून ठरवणे अन्याय्य आहे. ज्या ज्या वेळी ६० टक्के सांगितले, त्यांतल्या साधारण ६० टक्के वेळा तसे घडले का, हे बघावे लागते.

यादृच्छिकतेचा एक अर्थ मात्र विज्ञानाच्याही बाहेरचा आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी सोडत निघते, तेव्हा घरोघरी ‘नंबर लागला का?’ हा प्रश्न असतो. ज्याचा लागत नाही त्याचे दुःख खरे असते. तरी हक्क सारखाच असलेली मुले जागांपेक्षा जास्त असतील, तेव्हा न निवडणे हाच प्रामाणिक मार्ग ठरतो. इथे यादृच्छिकता ही समाजाने जाणूनबुजून घेतलेली शपथ आहे: ओळख, पैसा आणि शिफारस यांना आत येऊ देणार नाही. म्हणून सोडत उघडपणे, तपासता येईल अशा रीतीने काढण्याचा आग्रह धरायला हवा.

संभाव्यतेचे गणित सगळीकडे तेच, पण ती कशाची आहे हे प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते. झिजेची, अणूची, पुराव्याची, की न्यायाची? हा प्रश्न न विचारता टक्के सांगणारा माणूस, मग तो ज्योतिषी असो वा शास्त्रज्ञ, अर्धेच बोलत असतो. दहावीच्या बीजगणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे. नाणी, फासे आणि पत्ते त्यात जरूर असावेत. त्यांच्यासोबत कोसंबींची झिजलेली नाणी, इनामगावचा कोळसा आणि त्या २७ ज्योतिषांचे निकालही मुलांपुढे ठेवले, तर मला इतक्या उशिरा कळलेली गोष्ट त्यांना पंधराव्या वर्षीच कळेल.